पत्रिका जुळत नाही

रा. रा. ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड यांसी,
स. न. वि. वि.

आपलं स्थळ डोंबिवलीच्या एका घरात सांगून आलं आहे. मॉलच्या दारात उभ्या असलेल्या मध्यस्थाने आपले गुण भरभरून गायले: विमानतळावर लाउंज, तिथे गरम इडली, आणि खर्च करता करता फुकटात सिंगापूर. स्थळ तालेवार खरं. पण या घरात हुरळून होकार द्यायची पद्धत नाही. मंडळींनी आधी पत्रिका मागवली, म्हणजे मुंगीच्या अक्षरांत छापलेल्या अटी व शर्ती, आणि शेजारी ठेवलं घरचं बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट.

पहिला दोष तिथेच निघाला. प्रत्येक दुकानाला कार्डाच्या जगात चार आकडी एमसीसी कोड असतो. सराफाचा ५९४४, पेट्रोलपंपाचा ५५४१. पॉइंट द्यायचे की नाही, ते या आकड्यावर ठरतं. दुकानदार किती ओळखीचा आहे यावर नाही. आणि आपल्या घराण्यातल्या बऱ्याच कार्डांना नेमके तेच आकडे वर्ज्य आहेत, ज्यांवर मध्यमवर्गीय घर चालतं. नमुन्याला ॲक्सिस बँकेचं ॲटलास घेऊ. कार्ड नावाजलेलं आहे. २०२४ च्या अटींप्रमाणे त्याची वार्षिक फी ५,००० रुपये. विमान आणि हॉटेलवर दर शंभराला ५ माइल्स, इतर खर्चावर २. मात्र पेट्रोल, वीज-गॅसची बिलं, विम्याचे हप्ते, घरभाडं, सोनं आणि सरकारी भरणा यांवर शून्य. डोंबिवलीकरांच्या घराचा हप्ता तर कार्डावर जातच नाही. पाडव्याचं वळं गेलं, आजोबांचा मेडिक्लेम गेला, महावितरण गेलं. मग उरलं काय? डी-मार्ट, औषधं, कपडे आणि महिन्यातून एकदा बाहेर जेवणं.

समजा, हे उरलेलं महिन्याला १२,००० रुपये आहे. वर्षाचे झाले १,४४,०००. शेकडा दोनने २,८८० माइल्स. बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर एक माइल एक रुपयाचा. उलट बाजूला फी, तीवर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९००. पहिल्या वर्षी स्वागताचे २,५०० माइल्स मिळतात, तरी बेरीज ५,३८० वरच थांबते. दुसऱ्या वर्षी तर स्वागतही नाही. मध्यस्थ म्हणेल, माइल्स काही विमान कंपन्यांकडे वळवले की एकाचे दोन होतात. होतात. पण ज्या घराची वर्षाची मोठी यात्रा गणपतीत कुडाळला असते, त्याने त्या दोनाचं करायचं काय?

त्यापेक्षा आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड या घराच्या तोलामोलाचं ठरतं. दिमाख काही नाही, फी शेकड्यांत, पण आयआरसीटीसीवर काढलेल्या एसी डब्याच्या तिकिटावर दहा टक्क्यांपर्यंत पॉइंट, आणि ते पुन्हा रेल्वेच्याच तिकिटात वळते होतात. कोकणकन्येच्या थ्री एसीला ते चालतं, स्लीपरला नाही. तेवढी खोड तिथेही आहेच.

आपण वाईट आहात असं कुणी म्हणत नाही. हिंजवडीतला जो सल्लागार दर महिन्याला बंगळुरूला जातो, तिकीट-हॉटेलचे २०,००० आपल्या कार्डावर लावतो आणि कंपनीकडून वसूल करतो, त्याचे वर्षाला १२,००० माइल्स होतात, तेही दुसऱ्याच्या पैशावर. त्याच्याशी आपले छत्तीस गुण जुळतात. आपण तिकडेच जावं.

या घराची धाकटी लेक डब्लिनला शिकते, म्हणून परदेशी खर्चाचाही विचार झाला. तिथे परकीय चलनातल्या खर्चावरचा आपला जादा आकार, म्हणजे फॉरेक्स मार्कअप, ३.५ टक्के, त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे ४.१३. लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये जाणार आणि दोनच्या दराने २,००० माइल्स येणार! फेडरल बँकेच्या स्केपियासारख्या कार्डांना वार्षिक फीही नाही आणि मार्कअपही नाही. लेकीने हे गणित फोनवरच सोडवलं. आईला मात्र लाउंजमधल्या इडलीचा मोह अजून आहे.

शिवाय घराण्याचा इतिहासही विचारला गेला. ॲक्सिसच्याच मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखाच्या खर्चामागे २५,००० पॉइंट मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले, आणि पाच पॉइंटांचे चार माइल्स होत, त्यांचे दोनच होऊ लागले. त्यांच्या भरवशावर पॅरिस ठरवलेल्यांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. विमान कंपन्यांचाही भरवसा नाही: जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, आणि तिच्या नावाच्या कार्डांना नवं सासर शोधावं लागलं. पॉइंट ही पतपेढीतली ठेव नव्हे. त्यांना व्याज नाही, आणि त्यांची किंमत देणाराच ठरवतो, तोच बदलतो.

व्याज दुसऱ्या बाजूला आहे. बिल पूर्ण न भरल्यास बऱ्याच कार्डांवर महिना ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला ती रद्द केली. शंभराला दोन माइल्स कमावणाऱ्याने एकच महिना बाकी ठेवली, तरी त्या रकमेवरची कमाई गेली आणि वर पदरचे पावणेदोन रुपये गेले. मध्यस्थ या विषयावर फारसं बोलला नाही.

तेव्हा क्षमस्व. आपल्याला अनुरूप घर लवकर मिळो.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा.

ता. क. : दुपारी येणारे फोन थांबवावेत. आजोबा त्या वेळी आडवे झालेले असतात, आणि उठलेच तर फोनवरच्या मुलीला पेन्शनवर किती माइल्स मिळतात ते विचारत बसतात.