नुसता अर्क

फार्मसी कॉलेज कुठल्याही गावचं असो, फार्माकॉलॉजी विभागात हे सर असतातच. अंगात कधीकाळी पांढरा असलेला एप्रन, खिशात दोन पेनं आणि एक स्टॉपवॉच, तर्जनीवर उंदीर चावल्याची जुनी खूण. खुणेचा विषय निघाला की सर लगेच सांगतात, "फीमेल विस्टार, दोनशे वीस ग्रॅम." चावणारीचं वजन त्यांना आजही पाठ आहे. स्वतःची मुलगी आठवीत आहे की नववीत, हे मात्र मॅडमना विचारून सांगावं लागतं.

सरांनी पार्किन्सन बरा केलेला आहे. तोही एकदाच नाही, दरवर्षी एम.फार्म.च्या दोन-तीन मुलांकडून ते तो बरा करवून घेतात. शेवग्याच्या पाल्याने झाला, जांभळाच्या बियांनी झाला, डाळिंबाच्या सालीने तर फारच छान झाला. गाजरगवतावरही त्यांचा डोळा होता, पण ते गोळा करायला गेलेल्या मुलाच्या अंगावर असं पुरळ उठलं की त्याने थेट गाईडच बदलून घेतला.

पद्धत ठरलेली. पाला सावलीत वाळवायचा, भरडायचा, सॉक्सलेटमध्ये घालून अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क उतरवायचा. मग विस्टार रॅटचे सहा गट, एकेका गटात सहा जण. पहिल्या गटाला काहीच नाही, दुसऱ्याला नुसतं विष, तिसऱ्याला विष आणि लेव्होडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषध, उरलेल्या तिघांना विष आणि अर्क: किलोमागे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम. हेच आकडे का, असं एकदा एका मुलीने विचारलं. सर म्हणाले, "दुप्पट करत गेलो." आणखी दुप्पट का नाही केले, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. आठशेचा अर्क इतका दाट होतो की सुईतून उतरत नाही.

प्राण्यांवर काही करायचं तर आधी फॉर्म बी भरून एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागते. या कमिटीवर नियमानुसार एक सभासद शास्त्रज्ञ नसलेला, पण सामाजिक भान असलेला हवा असतो. (बाकीच्यांचं काय समजायचं, ते नियमावलीत दिलेलं नाही.) आमच्या वेळी त्या जागेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सरांचे छत्तीस रॅट, अठ्ठावीस दिवस, असं सगळं सादरीकरण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सर, उंदराला पार्किन्सन होतो का हो?"

"होत नाही, मॅडम. आपण देतो."

सगळी मीटिंग गप्प. सरांना वाटलं, उत्तर बरोबर आलं.

ते बरोबरच होतं. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या तळाशी सब्स्टान्शिया नायग्रा नावाच्या काळपट भागातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. माणसात हे वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. आधी वास जातो, पोट साफ होत नाही, आणि हात थरथरायला लागेपर्यंत पेशींचा मोठा हिस्सा संपलेला असतो. रॅट जगतो दोन-तीन वर्षं. एवढी वर्षं वाट पाहायला ना त्याच्याकडे आयुष्य, ना एम.फार्म.च्या मुलाकडे. म्हणून विष. तीस वर्षांचं काम ते काही दिवसांत उरकतं.

विषांच्या बाबतीत सर चोखंदळ. तरुणपणी एका मोठ्या संस्थेत ते ट्रेनिंगला गेले होते, तिथे त्यांनी ६-हायड्रॉक्सीडोपामिन हाताळलं. स्वीडनमध्ये उर्बान उंगरस्टेट यांनी १९६८मध्ये हे रॅटच्या मेंदूत टोचून दाखवलं. रक्तातून ते मेंदूत शिरत नाही, म्हणून रॅटचं डोकं स्टिरिओटॅक्सिक चौकटीत अडकवून कवटीला बारीक भोक पाडायचं आणि नकाशावर मोजून नेमक्या जागी सुई उतरवायची. औषध इतकं नाजूक की उजेड-हवा लागली की गुलाबी-तपकिरी पडतं, म्हणून बर्फात, अंधारात, थोडं व्हिटॅमिन सी घालून ठेवायचं. हे सांगताना सरांचा आवाज अजून हळवा होतो. सुई एकाच बाजूला टोचायची. मग रॅट गोल फिरू लागतो. अँफेटामिन दिलं तर दुखावलेल्या बाजूकडे, अपोमॉर्फिन दिलं तर उलट्या बाजूकडे. मिनिटाला किती फेऱ्या, ते मोजत बसायचं.

ही मोजायची खोड त्यांच्या अंगात भिनली ती कायमची. कॉलनीच्या बागेत संध्याकाळी उलट्या दिशेने फिरणाऱ्या आजोबांना ते अर्धा तास निरखत बसतात आणि घरी येऊन म्हणतात, "उजवीकडे काहीतरी आहे." एसटीत बसले की कंडक्टरवर नजर. घाटात, कशाला न धरता, तिकिटं फाडत उभा राहणारा कंडक्टर त्यांना अतिशय आवडतो. "रोटारॉडवर तीनशे सेकंद सहज काढेल हा," असं एकाला त्यांनी तोंडावर सांगितलं. त्याने सुटे पैसे मागितले. (रोटारॉड म्हणजे फिरता दांडा. रॅट त्यावरून किती सेकंदांत पडतो ते पाहायचं.) एकदा आम्ही परीक्षेच्या फॉर्मसाठी एका ऑफिसात गेलो होतो. खिडकीतले गृहस्थ दोन्ही हात टेबलावर ठेवून समोर बघत निश्चल बसलेले. सरांचा अंगठा स्टॉपवॉचवर गेलाच. हॅलोपेरिडॉल दिलेल्या रॅटचे पुढचे पंजे दांडीवर ठेवले की तो ते खाली घ्यायचं विसरतो, त्याला कॅटॅलेप्सी म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी १८० सेकंदांनंतर मोजणं थांबवतात. सरांनीही १८० सेकंदांनी थांबवलं. फॉर्म सोमवारी मिळाला.

वर्षातून एक दिवस मात्र सर खरोखर रंगतात. तो एमपीटीपीचा तास. त्या दिवशी मागच्या बाकावरचेही जागे असतात.

गोष्ट १९७६ची, अमेरिकेतल्या मेरिलँडची. तेवीस वर्षांचा रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत स्वतःपुरतं पेथिडिनच्या जातीचं नशेचं रसायन बनवत असे. एकदा घाईत पायरी चुकवली आणि थोड्याच दिवसांत त्याचं अंग पार्किन्सनच्या म्हाताऱ्यासारखं आखडलं. लेव्होडोपाने तो हालचाल करू लागला. डॉक्टरांनी त्याचीच कृती वापरून रसायन बनवलं आणि रॅटला दिलं. इथे सर थांबतात, चष्मा काढतात. "रॅट थोडा वेळ ताठरला. दुसऱ्या दिवशी बरा!" रॅटला या विषाचं विशेष काही वाटत नाही. त्यामुळे धागा तिथेच सुटला आणि १९७९मध्ये एक लेख छापून येण्यापलीकडे काही घडलं नाही.

मग १९८२, कॅलिफोर्निया. हेरॉइन म्हणून विकलेली भलतीच पूड टोचून घेतलेली काही तरुण माणसं एका रात्रीत पुतळे झाली. विल्यम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टने माग काढला आणि पुढच्या वर्षी 'सायन्स'मध्ये लिहिलं. पुडीतला गुन्हेगार तोच, एमपीटीपी. पुढे माकडांत हुबेहूब तोच आजार दिसला, काळ्या जातीच्या उंदरांतही पेशी मेल्या. एमपीटीपी स्वतः साधंभोळं. मेंदूतलंच एमएओ-बी हे एन्झाइम त्याला धार लावून देतं, डोपामिनच्या पेशी त्याला आपलं समजून आत घेतात आणि आत गेल्यावर ते पेशीचं वीजघर बंद पाडतं.

"म्हणजे बघा," सर म्हणतात, "आधी माणसांवर झालं, नंतर जनावरांवर. आणि रॅटने तर शेवटपर्यंत सहकार्य केलं नाही." हे शेवटचं वाक्य तक्रारीचं की कौतुकाचं, यावर आमच्या हॉस्टेलमध्ये दोन तट होते. मला विचाराल तर कौतुकाचं.

एमपीटीपी सर स्वतः वापरत नाहीत. माणसाला लागू पडणारं विष आणि हातमोजे न घालणारी मुलं एका खोलीत नकोत, हे त्यांचं धोरण. त्यांचा भर रोटेनोनवर. हेही पेशीच्या त्याच वीजघरावर घाला घालतं आणि रॅटला चालतं. अमेरिकेत ग्रीनअमायर यांच्या गटाने २०००मध्ये ते रॅटच्या शिरेत हळूहळू सोडून दाखवलं. आमच्याकडे ते सूर्यफुलाच्या तेलात कालवून टोचतात. तेल सरांच्या घरून येतं. त्या महिन्यात मॅडम शेंगदाण्याचं वापरतात. रोटेनोनचा स्वभाव मात्र लहरी. एकाच गटातला एक रॅट दगावतो, दुसरा गारठतो, तिसरा पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत असतो. अ‍ॅनिमल हाउसचे मामा सकाळी तूस बदलतानाच सांगतात, "सर, ह्यो उद्या उठत नाय." मामांचा अंदाज सरांच्या आकडेमोडीपेक्षा जास्त वेळा खरा ठरतो, पण मामांचा पी व्हॅल्यू काढता येत नसल्यामुळे तो प्रबंधात जात नाही.

झाडपाल्यावरची सरांची श्रद्धा उगाच नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९मध्ये सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि जगाचे डोळे या मुळीकडे वळले. तिच्यातून रेसर्पिन निघालं. हे रेसर्पिन देऊन अर्विद कार्लसन यांनी १९५७मध्ये सशांना लोळागोळा करून टाकलं आणि मग डोपा टोचून पुन्हा उठवलं. त्या कामासाठी २०००मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डोपा तर आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही आहे. म्हणजे रोटेनोन मुळांतून, रेसर्पिन मुळीतून, औषध बियांतून. रोग देणारंही झाड, बरं करणारंही झाड. सरांना याहून सोयीचं विश्व कुठलं मिळणार?

असा माणूस घरी काय करतो, हे मला सही घ्यायला गेलो तेव्हा दिसलं. मॅडमचे थोरले बंधू आले होते. वर्षभरापूर्वी पार्किन्सनचं निदान झालेलं, उजवा हात मांडीवर थरथरत होता. डाव्या हातात सरांचाच छापील लेख होता. शेवटची ओळ अधोरेखित केलेली: हा अर्क पार्किन्सनच्या उपचारात गुणकारी ठरू शकेल.

"दाजी, एवढं घरचं औषध असताना मी बाहेर पैसे घालवतोय. थोडा अर्क द्या की."

"तो रॅटचा आहे."

"चालेल मला."

सरांनी लेख काढून घेतला. मग हिशोब मांडला. रॅटचा ४०० मिलिग्रॅमचा डोस माणसाला लावायचा तर साधारण सव्वासहाने भागायचं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज चार ग्रॅमच्या आसपास अर्क. शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर रोज चाळीस ग्रॅम वाळलेला पाला. "शेळी व्हावं लागेल तुम्हाला." आणि मुख्य म्हणजे रॅटला अर्क विषाच्या आठवडाभर आधीपासून दिलेला होता. "पूर यायच्या आधी सामान माळ्यावर चढवणं वेगळं आणि भिजलेलं घर सुकवणं वेगळं, आबा." क्रिएटीनने उंदरांत कमाल केली होती, मग अमेरिका-कॅनडात १,७४१ रुग्णांवर चाचणी घेतली आणि उपयोग दिसेना म्हणून २०१३मध्ये थांबवलं. को-एन्झाइम क्यू-टेनचंही तेच झालं. हे सगळं त्यांना तारीखवार पाठ होतं. वर्गात त्यांच्या तोंडून आम्ही यातलं अक्षरही ऐकलेलं नव्हतं.

"गोळी कधी घेता?"

"जेवणाबरोबर. कधी राहून जाते."

"डॉक्टरांना विचारा, पण जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलेली बरी. डाळ-दूध पोटात असलं की लेव्होडोपाला आत शिरायला जागा मिळत नाही. आणि राहून जाते म्हणजे काय?" सर इतके चिडलेले मी त्याआधी फक्त वजनकाटा बिघडल्यावर पाहिले होते.

आबा नरमले. म्हणाले, शेजारच्या बाईंनी निर्गुडीचा काढा दिलाय, वातावर चांगला म्हणतात, तो तरी घेऊ का? सरांनी तोही बंद करायला सांगितला. मग थोडं थांबून विचारलं, "निर्गुडी पांढऱ्या फुलाची की निळ्या?"

सोमवारी दोन पोती निर्गुडी विभागात येऊन पडली, मामांनी ती गच्चीवरच्या शेडमध्ये सावलीला पसरली आणि सरांनी फॉर्म बी भरला. काही महिन्यांनी आबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"दाजी, निर्गुडीचं काय झालं? उंदीर कसे आहेत?"

"ठणठणीत. चारशेचा गट तर रोटारॉडवरून उतरायलाच तयार नाही."

"मग मी सुरू करू?"

"तुम्ही गोळी वेळेवर घ्या," सर म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी मला डिस्कशनचा शेवटचा परिच्छेद लिहायला बसवलं.