साखर बंद, बाकी चालू

वाणसामानाची यादी पूर्वी मी एकटी करायची आणि वाण्याशिवाय ती कुणी वाचायचं नाही. ह्यांचं एचबीएवनसी साडेआठ आलं आणि त्या चिठोऱ्याला एकदम राज्यघटनेचा मान मिळाला. आता तिच्यावर चर्चा झडतात, हरकती येतात, आणि मी कुकरची शिट्टी बंद करायला आत गेले की दुरुस्तीही उरकली जाते. परवा 'मूगडाळ १ किलो'च्या खाली, माझ्या अक्षराची बेमालूम नक्कल करून, 'खारी अर्धा किलो' लिहिलेलं सापडलं.

"खारी कुठे गोड असते?" हे म्हणाले.

आमच्या घरातली सगळी गोची या प्रश्नात आहे. मधुमेह म्हणजे साखरेशी अबोला, एवढंच ह्यांनी डॉक्टरांचं ऐकलं. साखरेचा डबा स्वतः माळ्यावर चढवला आणि मग मैदा, पोहे, आंबेमोहोर यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त सलोखा केला. देवभक्तीही वाढली. आषाढी-कार्तिकीपुरता उपास करणारा माणूस संकष्टी सोडेना, कारण संकष्टीला दुपारी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखरच होते. मी तो खोडून भगर लिहिली, तीही वाटीभरच मिळेल या बोलीवर. भक्ती त्याच महिन्यात ओसरली.

तपासणी जवळ आली की चार दिवस भाकरी-मेथी खाऊन पास होऊ, असाही एक बेत होता. पण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. म्हणजे रक्त ह्यांचं काढतात, पण तपासल्या जातात माझ्या याद्या!

दुकानात गेलं की वेगळीच परीक्षा. पुड्यावर पुढे हिरवं पान, हसरे आजोबा आणि ठळक अक्षरांत 'नाचणी'. मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत खरं काय ते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे कळल्यापासून मी चष्मा लावून पुडा उलटाच धरते. पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल, आणि नाचणी बिचारी लग्नातल्या लांबच्या मावशीसारखी पार मागच्या रांगेत. 'शुगर फ्री'वाल्या पुड्यातही मैदा पहिलाच होता. ह्यांनी तो पुडा 'फ्री' समजून एका बैठकीत संपवला असता.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या काकू कानाशी येतात. "साखर नको ना, मग गूळ न्या वहिनी. सेंद्रिय आहे, कोल्हापूरचा." गूळ कोल्हापूरचा असो की कऱ्हाडचा, निघाला उसातूनच; त्यात लोह थोडं जास्त असेल, पण साखरही भरपूर. रक्त काही गाव विचारत नाही. पुढच्या वळणावर कुणीतरी जांभळाच्या बियांची पूड सुचवतं, बिलाच्या रांगेत कारल्याचा रस. आयसीएमआरच्या २०२३ सालच्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही सांगितले. सल्लागार मोजले नाहीत, पण ते उरलेले सगळे असावेत.

ज्वारीचं म्हणाल तर तिने मला खर्चात पाडलंय. एकेकाळी गरिबाघरची म्हणून नाकं मुरडली, ती मंगळवेढ्याची मालदांडी आता गव्हासमोर भाव खाते. शिवाय पोळीवर वाढलेल्या माणसाला भाकरी वाढायची म्हणजे आधी पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत अशी लाच द्यावी लागते. मग हे तीन भाकऱ्या खातात आणि "आज पोळी खाल्ली नाही" असं मुलीला फोनवर सांगतात.

आता एप्रिल तोंडावर आलाय. काल यादी पुरी करून ठेवली होती. सकाळी पाहिलं तर तळाशी भर पडलेली: 'हापूस १ पेटी (पाहुण्यांसाठी)'.

"कोण पाहुणे येतायत?" मी विचारलं.

"पेटी तर येऊ दे," हे म्हणाले, "पाहुणे बोलावता येतील."