डिकॉम्प्रेसरवाले आण्णा

कोल्हापुरात पेठ कुठलीही घ्या, तालमीच्या जवळपास एक बुलेटवाले आण्णा असतातच. मंगळवार पेठेतले निराळे, शिवाजी पेठेतले निराळे. पण निराळेपणा आडनावापुरता. वय साठीच्या पुढे, मिशी त्याच्याही पुढे, पायात कापशी चप्पल आणि उजव्या नडगीवर कधीतरी बसलेल्या उलट्या किकची खूण. गाडी जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया निघाली आणि पुढं पन्नासेक वर्षं हे इंजिन फारसं न बदलता चालत राहिलं. आण्णांचंही तसंच आहे.

या माणसाचा जीव टाकीत नाही, हेडलाइटात नाही, आवाजातसुद्धा नाही. तो आहे डाव्या हँडलवर क्लचखाली असलेल्या करंगळीएवढ्या लिव्हरीत. तिची केबल खाली हेडापर्यंत जाते. तिथं एक बारकी व्हॉल्व्ह आहे, डिकॉम्प्रेसर. लिव्हर ओढली की ती उघडते, सिलिंडरात कोंडलेली हवा एक्झॉस्टच्या वाटेनं फुस्सकन निघून जाते आणि किक लोण्यासारखी खाली जाते. सोडली की स्प्रिंग तिला परत बसवते. एवढंच काम. आण्णा मात्र ते सांगायला चहाचे दोन कप घेतात.

"३४६ सीसी. पिस्टन ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर!" हा आकडा सांगताना ते हवेत बोटांनी माप दाखवतात. "ह्यो पिस्टन असा नव्वद वर जायला लागला तर स्कूटरवाल्याच्या सीटमधनं बाहेर येईल. त्याला नुसत्या पायानं ढकलायचं व्हय? आधी त्याचा दम काढायचा, मग अंगावर घ्यायचा."

सकाळी गल्लीत हा कार्यक्रम असतो. किल्ली फिरते. किक हळूहळू दाबत आण्णा अँपिअर मीटरकडे डोळे लावतात. काटा डिस्चार्जकडून मधे आला की पॉईंट उघडला, म्हणजे पिस्टन माथ्याजवळ. आता लिव्हर ओढायची, किक अजून जराशी दाबून पिस्टन माथ्यापलीकडे घालवायचा, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकायचं. पिस्टन अलीकडेच राहिला तर किक उलटी येते आणि नडगीला इतिहास शिकवते. शाळेची पोरं दप्तरं पाठीला लावून बघत उभी राहतात. काकू स्वयंपाकघरातून हाक देतात, "मी चहा ठेवतो हं. तेवढ्यात सुरू झाली तर झाली, नाहीतर अजून एकदा उकळतो."

खरं सांगायचं तर या लिव्हरीवाचून गाडी अडत नाही. कॉम्प्रेशन ६.५ला १ च्या आसपास, आजच्या गाड्यांच्या मानानं कमीच. तालमीतला कुठलाही पोरगा नुसत्या पायानं सुरू करील. पण मग आण्णांची गरज काय उरली? माझ्या मते या व्हॉल्व्हचा मोठा उपयोग दोघांपासून गाडी राखणं हा आहे, एक चोर आणि दुसरा पुतण्या.

ही व्हॉल्व्ह तिच्या मालकासारखीच, लक्ष दिलं नाही की कुरकुरते. केबल ताणलेली राहिली तर व्हॉल्व्ह पुरती बसत नाही, गरम वायू फटीतून निसटत राहतो, व्हॉल्व्हची सीट जळते, कॉम्प्रेशन पडतं आणि सायलेन्सर उतारावर फटफटायला लागतो. सीटवर कार्बन साचला तरी तेच. म्हणून आण्णांचा नियम: केबलला प्ले पाहिजेच, बोटाला जाणवेल एवढा. आणि लिव्हर ओढून चालू इंजिन बंद करायचं नाही. जुनी माणसं सर्रास तसंच बंद करायची. आण्णा त्यांना नावं ठेवतात: "पेटलेली आग बारक्या भोकातनं काढायची? किल्ली काय कानात घालायला दिलीय?"

वर्षातून एकदा शिवाजी उद्यमनगरात सोहळा होतो. मिस्त्रीकडे गाडी टाकून जाणं आण्णांना माहीत नाही. ते स्टुलावर बसून राहतात. इंजिन थंड होईपर्यंत पान्याला हात लावू देत नाहीत, कारण हेड ॲल्युमिनियमचं, आटे गेले की संपलं. व्हॉल्व्ह बाहेर आली की रॉकेलमध्ये पडते, कार्बन खरवडला जातो, मग ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर फिरव, पूस, बघ, परत फिरव. वरून रॉकेल ओतून खाली थेंब येतो का हे बघायचं काम आण्णांचं. त्या वेळी दुकानात बोलायचं नसतं.

मिस्त्री दरवर्षी एकच सल्ला देतो. "आण्णा, ही काढून प्लग मारूया की. गळायचा विषयच संपला." सल्ला बरोबर आहे, पुष्कळांनी तो ऐकलाय. आण्णा त्याच्याकडे असे बघतात की मिस्त्री स्वतःच विषय बदलतो आणि उसाच्या दराबद्दल बोलायला लागतो.

एका वर्षी व्हॉल्व्हची दांडीच झिजलेली निघाली. पार्ट बाजारात नव्हता. दुसऱ्या गावात माणूस हताश झाला असता. उद्यमनगरात शेजारच्या गाळ्यात लेथ होती. टर्नरनं जुनी दांडी मायक्रोमीटरनं मापली आणि दुपारपर्यंत नवी काढून दिली. आण्णांच्या लेखी ही साधी गोष्ट नव्हे, परंपरा आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा तयार केला, त्याच्यावर १९२० साली 'सैरंध्री' निघाला, आणि त्याच रांगेत आता आमची दांडी. मधल्या शंभर वर्षांत गावाने बनवलेली ऑइल इंजिनं, पंप आणि कास्टिंग ते एका हातानं बाजूला सारतात.

ऑइल इंजिनाचं तसं त्यांनी विसरू नये, कारण मूळ दुखणं तिथलं आहे. नदीकाठी वडिलांचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. गडी हँडल मारून चाक फिरवायचा आणि वेग आला की डिकॉम्प्रेशनची लिव्हर पाडायची, ते काम लहानग्या आण्णांचं. लिव्हर पडली की इंजिन धाडधाड पेट घ्यायचं, पाटात पाणी यायचं, ऊस भिजायचा. घाम गड्याचा आणि इंजिन सुरू केलं म्हणून कौतुक पोराचं. अशी वाटणी एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही.

पुतण्यानं नवी बुलेट घेतली तेव्हा आण्णा प्रदक्षिणा घालून आले. "लिव्हर कुठाय?"

"काका, आतच हाय. कॅमवर. आपोआप उघडतं नि वेग आला की आपोआप बंद होतं."

आण्णा बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले. "आणि सोडलं, धरलं, हे मालकाला कळवतं काय?"

"कळवायचं कशाला? बटण दाबलं की झालं सुरू."

"मग गाडी तुझी न्हवं रं. तू तिचा."

गेल्या पावसाळ्यात गुडघ्यानं कुरकुर सुरू केली आणि आण्णांनी, घरातल्यांच्या रेट्यानं, गाडी विकायचं कबूल केलं. पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. सभ्य माणूस, स्वच्छ बूट, जुन्या गाड्यांची हौस. किंमत ऐकून काकूंनी तांबड्या रश्श्याचं पातेलं मोठं घेतलं. जेवण झालं, कागदपत्रं झाली. पाहुण्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि कौतुकानं विचारलं, "आणि क्लचखालची ही छोटी लिव्हर? चोक ना?"

"गाडी विकायची नाही," आण्णा म्हणाले.

"अहो, पण आत्ताच आपलं…"

"आत्ता होती. आता नाही."

पण पाहुणा तो पाहुणा. त्याला रिक्षानं जाऊ देणं पेठेच्या रीतीत बसत नाही. मागं बसवून आण्णांनी सीबीएसला सोडलं. स्टँडसमोर, भर गर्दीत, गाडी चालूच होती. पाहुणे उतरले, आभार मानायला वळले. आण्णांनी किल्लीला हात लावला नाही. डावा हात उचलला, दोन बोटांनी ती लिव्हर ओढली. फुस्स. इंजिन जागच्या जागी बंद पडलं.

"चोक न्हवं," आण्णा म्हणाले.

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "आण्णा, पेट्रोल संपलं व्हय? ढकलू काय?"