ताप बंदरावरच अडवा

१० जून १९१८. मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणून इस्पितळात दाखल झाले. महायुद्धाची जहाजं तेव्हा याच बंदरात ये-जा करत होती. पुढे इन्फ्लुएंझाचा हा ताप रेल्वेने देशभर पसरला. मुंबईहून नागपूरकडे जाणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची गाडी आपल्या जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगावला थांबायची. त्या साथीत देशात किमान सव्वा कोटी माणसं गेली असावीत, आणि सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांत आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता.

शंभर वर्षांत शहाणपण आलं का? हैतीला विचारा. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे कॉलरा पसरला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या तळावरून. जवानांमध्ये लक्षणं नव्हती, म्हणून कॉलऱ्याची तपासणीही झाली नव्हती. पण लक्षणं नसलेला माणूसही जंतू वाहतो. त्यात तळाची घाण थेट नदीत! सुमारे दहा हजार माणसं मेली, आणि संयुक्त राष्ट्रांना आपला वाटा कबूल करायला २०१६ उजाडलं. यात जवानाचा काडीचा दोष नाही. दोष नियम करणाऱ्यांचा आणि संडासाचे पाइप न बघणाऱ्यांचा.

आपले जवानही काँगोत आणि दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत आहेत. तिथून येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर भारतात सहा दिवस विलगीकरण. नियम चोख आहे. तो रोग पसरवणारा डास आपल्याकडे डेंग्यू देतोच आहे. पण फाल्सिपेरम प्रकारच्या मलेरियाला असा दाखला नाही. तो कधीकधी लक्षणांविना अंगात राहतो आणि सुटीवर गावी आल्यावर उसळतो. म्हणून परतणाऱ्या प्रत्येक जवानाचं रक्त सुटी मंजूर होण्याआधी तपासलं पाहिजे, लक्षणं असोत वा नसोत. आणि त्या निकालामुळे कुणाची बढती अडता कामा नये. अडली, तर पुढचा जवान ताप अंगावर काढेल.

जिल्ह्यातल्या डॉक्टरांना एकच विनंती: तापाच्या रुग्णाला आधी विचारा, 'कुठून आलात?' आणि जवानांनो, परदेशातून परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर गोळी घेऊन झोपू नका. कुठे होतो ते सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.