मा. विंडोज ११ साहेबांना अनावृत पत्र

मा. विंडोज ११ साहेब,
मुक्काम : टास्कबारच्या मधोमध.



तुम्ही मुळात जन्मालाच येणार नव्हतात, हे तुम्हाला घरी कुणी सांगितलंय का? २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या परिषदेत कंपनीच्याच एका माणसाने जाहीर करून टाकलं होतं की विंडोज १० ही शेवटची विंडोज. भोळ्या जनतेने ते मनावर घेतलं. ५ ऑक्टोबर २०२१ला तुम्ही प्रकटलात, आणि येताना अटींची यादी घेऊन आलात.

४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. इथपर्यंत तुमच्याइतकं अल्पसंतुष्ट कुणी नाही. मेख पुढे होती : टीपीएम २.० हवं. कुलूपबंद माहितीच्या किल्ल्या सांभाळणारी ही सोय कामाची आहे, नाही कोण म्हणतं? पण कित्येक संगणकांत ती होतीच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होती. मग ज्यांनी जन्मात बायोसचं तोंड पाहिलं नव्हतं असे काका-काकू संगणक सुरू होता होता एफ२ दाबायचं की डिलीट, यावर वाद घालत बसले. एवढं करून टीपीएम चालू केलं, तर तुम्ही प्रोसेसरची पिढी विचारलीत! इंटेलची आठवी पिढी आली २०१७च्या ऑगस्टमध्ये. त्याआधीचे जवळजवळ सगळे तुमच्या लेखी बाद. सातव्या पिढीचा कोअर आय-७, टीपीएम २.०सकट, दिवसभर व्हिडिओ एडिटिंग करून न दमणारा. शेरा : अपात्र.

आता सरफेस स्टुडिओ २ची गोष्ट काढतो, राग मानू नका. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये विकायला काढलेला हा संगणक, किंमत साडेतीन हजार डॉलरपासून पुढे. त्यात प्रोसेसर कुठला? सातव्या पिढीचा ७८२०एचक्यू. घरच्याच लेकराला दारात अडवायची वेळ आली, तेव्हा नेमकी हीच चिप तुमच्या पात्र प्रोसेसरांच्या यादीत अलगद शिरली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि मुहूर्त काय साधलात! दिवाळीच्या तोंडावर, घरोघर माळे आवरायला काढलेले असताना, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद. आणखी वर्षभर हवे असतील तर ३० डॉलर मोजा, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या खात्यात ठेवा, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट जमवा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने कान पिळल्यावर तिथल्यांना मात्र हे फुकट मिळालं, नुसत्या लॉगिनवर. आमचे कान पिळणारे हात कुठे गुंतलेत, कोण जाणे.

सगळं सुरक्षेसाठी म्हणता ना? मग ज्यांना दारातून परत पाठवलंत, ती यंत्रं बिनअपडेटची नेटवर फिरत राहणार, ही कुठली सुरक्षा? हा सरळसरळ नवा माल खपवायचा उद्योग आहे.

वाचकहो, 'अपात्र' दिसलं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. बायोसमध्ये टीपीएम, म्हणजे इंटेलचं पीटीटी किंवा एएमडीचं एफटीपीएम, चालू करून बघा. तरी साहेब ऐकत नसतील, तर पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन चालवून पाहा. काही न पुसता चाचणी घेता येते. कायमचं बसवायचं ठरलं, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.