पहिल्या दहांतला

‘पहिल्या दहांतला’ हा झपाट्याने वाढणाऱ्या छोट्या कंपनीत आढळणारा कर्मचारी आहे. पुण्यात बाणेर, बालेवाडी, खराडी या भागांत तो मुबलक सापडतो. कंपनी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये असताना तो कामाला लागलेला असतो. पुढे कंपनी काचेच्या इमारतीत गेली तरी दाराशी त्याचे पाय चपलेतून बाहेर यायला लागतात.

नेमणूकपत्र त्याला उशिरा, तेही गृहकर्जासाठी बँकेने मागितले म्हणून मिळते. त्यावर हुद्दा काहीही असो. कोड लिहिणे, चिडलेल्या ग्राहकाची समजूत काढणे, इन्व्हर्टरमध्ये पाणी भरणे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘छे हो, ऑफिस कुठलं, मित्र राहायला आलेत’ असे पटवणे, ही सगळी त्याचीच कामे. चहावाल्याचे खाते त्याच्या नावावर असते. वायफायचा पासवर्ड त्याच्या पुतणीच्या.

नवी माणसे निवडण्याचे कामही त्याच्याकडेच असते. उमेदवार जिना उतरला की मालक विचारतो, ‘कसा वाटला रे?’ त्यावर हा म्हणतो, ‘आपल्यातला वाटतो.’ निवड संपली. हा आपल्यातला माणूस बहुधा त्याच कॉलेजचा, त्याच मेसमध्ये जेवलेला आणि रविवारी बोलावले तर ‘कशाला?’ न विचारणारा असतो. पुढे दहा माणसे होतात आणि 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमायची वेळ येते. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी लागते. आपल्यातल्या दहांत एकही बाई नाही, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात येते.

विसाव्या माणसाबरोबर भविष्य निर्वाह निधी येतो. हातात पडणारा पगार कमी झाला म्हणून हा आठवडाभर कुरकुरतो. पन्नासाव्याबरोबर पाळणाघराची सोय करणे बंधनकारक होते. तोवर एचआर आलेली असते, आणि तिच्यामागोमाग हजेरीचे यंत्र. पूर्वी ‘उद्या नाहीये रे’ एवढ्यावर मिळणाऱ्या रजेसाठी आता पोर्टलवर कारण लिहावे लागते. तो ‘काम आहे’ असे लिहितो. अर्ज परत येतो.

‘आधी असं नव्हतं’ हे त्याचे पालुपद इथून सुरू होते. ते अगदीच खोटे नसते. तो एका फोनवर मिटवत असे ती तक्रार आता तिकीट होऊन चार टेबले फिरते. मात्र बिलिंगची एक्सेल शीट कशी चालते हे त्याने कधी कुणाला दाखवलेले नसते, ही दुसरी बाजू. त्या फाइलचे नाव ‘फायनल नवीन 2 खरी’. त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन होते त्या महिन्यात ग्राहकांना बिलेच जात नाहीत, आणि दवाखान्यातून हे सांगताना त्याचा आवाज खुललेला असतो. त्याचे सूत कंपनीशी कमी आणि तिच्या चणचणीशी जास्त जुळलेले असते. चणचण सरली की त्याला करमत नाही.

मालकाला तो भर सभेत ‘अरे, हेच तू दिवाळीतही बोलला होतास’ असे ऐकवतो. ‘सर’ म्हणणारी नवी पोरे श्वास रोखून बसतात. लवकरच मोठ्या कंपनीतून एक साहेब त्याच्या डोक्यावर येतो आणि याला ‘स्पेशल प्रोजेक्ट्स’चा प्रमुख नेमले जाते. त्या विभागात तो एकटाच असतो.

तरी तो राहतो, कारण त्याच्याकडे कंपनीच्या शेअरचे पर्याय असतात. नियमाने पहिला हप्ता वर्षभराआधी हक्काचा होत नाही. सगळे मिळायला बहुतेक ठिकाणी चार वर्षे लागतात. कमी पगाराच्या बदल्यात घेतलेला हा ऐवज कागदावर घसघशीत दिसतो. पण कंपनी बाजारात नोंदलेली नसल्यामुळे त्याला गिऱ्हाईक सहसा नसते. लग्नाच्या बैठकीत सांगायला तो उपयोगी पडतो.

पाच वर्षे भरून ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला की बरेच जण राजीनामा देतात. काही जण आठ-नऊ माणसांच्या दुसऱ्या कंपनीत जातात आणि महिन्याभरात तिथल्या चहावाल्याशी अरे-तुरेवर येतात. काही जण स्वतःची कंपनी काढतात; हजेरीचे यंत्र तिथे पहिल्या दिवसापासून असते.