‘वरनं एक हात’ मारणाऱ्या मालकांस

प्रति,
आमचा फिश टँक जोडून देणारे मालक यांस उचगावहून सप्रेम नमस्कार.

विषय : मागच्या कोपऱ्यातून चालू असलेल्या अखंड पाणीपुरवठ्याबद्दल आभार.
संदर्भ : आपलं कच्चं बिल. त्यावर रक्कम आहे, नाव नाही.

मालक, तुमचा फोन लागत नाही अशी तक्रार मी कधीच करणार नाही. फोन लागतो, तुम्ही उचलता, ‘‘निघालोय, तावडे हॉटेलपाशी आलोच’’ असंही सांगता. तावडे हॉटेलपासून आमच्या घरी यायला गाडीवरून चहा निवण्याइतका वेळ लागतो. तुम्ही अजून वाटेतच आहात, म्हणून हे पत्र खुलं सोडतोय. वाटेत कुठंतरी गाठेल.

घरात पाणी शिरणं कोल्हापूरकराला नवं नाही. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा महामार्गावर चढली, शिरोलीपाशी पुणे-बंगळूर वाहतूक ठप्प झाली, ते सगळं आपण मिळूनच पाहिलं. पण त्या पाण्याला काही रीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. तोवर माणूस गाद्या माळ्यावर टाकतो, जनावरं सोडतो. तुमच्या पाण्यानं इशारा पातळी वगैरे पाळली नाही. मागच्या काचेच्या कडेनं केसाएवढी ओल उतरली ती थेट स्टँडखालच्या एक्स्टेंशन बोर्डाकडं. वास्तुवाल्यांनी ईशान्य कोपरा सांगितला होता, पण तिथं प्लग कुठं असावा यावर शास्त्र गप्प आहे.

तरी तुम्ही एकदा येऊन गेलात हे मान्य करायला हवं. काय रुबाब होता! ओल्या कडेवरून बोट फिरवलंत, पिशवीतून अर्धी वापरलेली सिलिकॉनची ट्यूब काढलीत, नोझलात खोचलेला खिळा उपसलात आणि म्हणालात, ‘‘टेन्शन घिऊ नका मालक. नवा टँक हाय, थोडं पाझरायचंच. वरनं एक हात मारतो, विषय संपला.’’ टँक तेव्हा काठोकाठ भरलेला होता, आणि हात तुम्ही बाहेरून मारलात. खोलीभर व्हिनेगरसारखा वास सुटला, तेव्हा ‘‘वास आला म्हणजे माल ओरिजनल’’ हेही ज्ञान मिळालं.

तर थोडं विस्कटून सांगतो. तो वास ॲसेटिक ॲसिडचा. या जातीचं सिलिकॉन हवेतली ओल शोषून घट्ट होतं आणि होता होता तो वास सोडतं. त्यावरून जात कळते, लायकी कळत नाही. तुमच्या ट्यूबवर सिंक आणि नळाचं चित्र होतं. बाथरूमसाठीच्या अशा मालात पुष्कळदा बुरशी मारायचं औषध घातलेलं असतं, आणि ते औषध बुरशी कुठली, गप्पी कुठली असा भेदभाव करत नाही.

आता रेट्याचं बघू. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच असा आपला टँक. काठोकाठ भरला की १२७ लिटर, म्हणजे तेवढेच किलो. समोरच्या काचेला बाहेर ढकलणारं बळ सुमारे ९५ किलोचं. मागच्या काचेवर तेवढंच. गंमत अशी, की या हिशेबात रुंदीला कोणी विचारत नाही. काच हीच आणि पाण्याची उंची हीच ठेवून मागं रंकाळा तलाव जोडलात तरी तिच्यावरचा रेटा ९५ किलोच. पाणी बघतं ती उंची; ती दुप्पट केली की रेटा चौपट. हे सगळं पेलतो तो काचेच्या दोन कडांमधला सिलिकॉनचा पातळ थर. आतल्या कोपऱ्यात तुम्ही बोटानं जी सुरेख गोलाई काढलीत, ती मुख्यतः त्या थराची राखण करते. तुमची गोलाई खरोखर देखणी आहे. मधल्या थरात मात्र टॉर्च धरला की बुडबुड्यांची माळ दिसते.

अशा जागी बाहेरून मारलेला हात पाण्याला सोयीचाच पडतो. पाणी तो आतून ढकलून सोलून काढतं. शिवाय जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. काचेला धरेल, स्वतःच्याच थोरल्या भावाला धरणार नाही. (आपल्याकडं भाऊबंदकी सिलिकॉनपर्यंत पोहोचलीय.) काळम्मावाडीच्या धरणाची गळती काढायला निदान निविदा तरी निघते. तुमच्याकडं थेट काम.

मात्र खचून जाऊ नका, तुमची पंगत मोठी आहे. १६ डिसेंबर २०२२ ला बर्लिनमधल्या हॉटेलातला ॲक्वाडोम हा अवाढव्य फिश टँक पहाटे फुटला. १० लाख लिटर पाणी, सुमारे १,५०० मासे, सगळं रस्त्यापर्यंत. तो काचेचा नव्हे, ॲक्रिलिकचा. तज्ज्ञांनी तुकडे तपासले, पक्कं कारण हाती लागलं नाही; ज्या तीन शक्यता उरल्या त्यांत चिकटवलेला जोड निकामी होणं ही एक. तिथं कोणी ‘नवा हाय, थोडं पाझरायचंच’ म्हणालं का, याचा उल्लेख आढळला नाही.

तुम्ही वाटेत असताना आम्ही इकडं काय केलं, तेही कळवतो. आधी मेन स्विच बंद. मग मासे बादलीत, टँकच्याच पाण्यात, आणि सोबत स्पंज फिल्टर ओलाच्या ओला. घाण दिसली म्हणून तो नळाखाली धुऊन उन्हात टाकायचा मोह घरात एकाला झाला होता. पण मासे मुख्यतः कल्ल्यांतून जो अमोनिया सोडतात, तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात; ते वाळले की मासे बादलीतच आटोपतात.

शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला असलेले शेजारचे दादा बघायला आले. त्यांनी टँककडं पाहिलंच नाही. खिशातून पट्टी काढावी तशी पाणसळ काढली आणि स्टँडवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. स्टँडचा मागचा पाय आखूड. ‘‘काच वाकणार न्हाई, मग ताण जाणार कुठं? जॉइंटात,’’ एवढं बोलून ते पायाखाली पत्रा सरकवायला लागले. वर थर्माकोलची शीटही त्यांनीच टाकली. त्यांच्याकडं कास्टिंग हवा भरून, पाण्यात बुडवून तपासतात. बुडबुडा आला की माल परत. तुमच्याकडं ही तपासणी गिऱ्हाईक करतं, स्वतःच्या फरशीवर.

बुडबुड्यांची ती काच पात्यानं कापून सोडवली. कडांवरचं जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, स्पिरिटनं इतकं पुसलं की काच चुरचुरली. टँकसाठीचं, बुरशीच्या औषधाविना सिलिकॉन आणून काच पुन्हा बसवली. कडेला मास्किंग टेप, आतली गोलाई एका दमात, आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढली. यापुढं करायचं काम सर्वांत अवघड : काहीच करायचं नाही. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आत वाळत जातं, म्हणून बोटाला कोरडं लागलं तरी आतून ते दह्यासारखं असू शकतं. ते पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. टँक आता अंगणात, खाली रद्दी अंथरून, माशांविना भरून ठेवलाय. रद्दी कोरडी आहे.

पैसे परत नकोत. कच्च्या बिलावर ते मागायचे तरी कोणाच्या नावानं? नवा टँक द्याल तेव्हा दुकानातच भरून दाखवा आणि रात्रभर तसाच ठेवा, एवढं करा.

कळावे, लोभ असावा. गळती नसावी.

आपला,
एक बादलीधारक गिऱ्हाईक

ता. क. : दादांच्या मेहुण्यांना चार फूट लांब, दोन फूट उंच टँक हवाय. समोरच्या काचेवर सव्वादोनशे किलोचा रेटा येतो. त्यांना तुमचा नंबर दिलाय. तावडे हॉटेलपाशी तेच येऊन भेटतील, पाणसळ घेऊन.